आईच्या गाठीचं उत्तर मी फोनवर दिलं होतं

हे मला आत्ताच सांगायचंय. आत्ता म्हणजे आत्ता, कारण अर्ध्या तासात आई त्या जड दारातून बाहेर येईल, पप्पा पेढे आणायला पळतील, आणि सगळे हसत असताना मला हे बोलता येणार नाही. मी नांदेडला आहे, एका दवाखान्यात, सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर स्टीलच्या बाकड्यावर बसून टाइप करून राहिले. चुका झाल्या तर समजून घ्या.

तर माझ्या आईच्या लिव्हरमधी एक गाठ आहे. कॅन्सर नाही, हे पहिलंच सांगून टाकते. साधी गाठ, बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता होऊन बनलेली. अशा गाठी लई लोकांना असतात आणि त्यांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही, काही करावंही लागत नाही. आईची मात्र मोठी होती, अकरा सेंटीमीटर, आणि दोन घास खाल्ले की तिचं पोट भरायचं, उजव्या बरगडीखाली सारखं दुखायचं. सात महिन्यांपूर्वी ह्याच दवाखान्यात तिच्या जांघेतून एक बारीक नळी आत सरकवून त्या गाठीला जाणारं रक्त बंद केलं. आज ती किती आटली ते मोजायला आलोय. सकाळी सोनोग्राफीत बारीक दिसली, आता सीटीत नक्की कळेल.

हे सगळं घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. मी तेव्हा लातूरला नीटची तयारी करून राहिले होते.

एवढंच असतं तर एव्हाना मी रडून, भांडून मोकळी झाले असते. पण आज सकाळी डॉक्टरांनी मला बघून एक वाक्य टाकलं. ते वाक्य कळायला आधीचं सांगावं लागेल.

आम्ही किल्लारीचे. पप्पा साखर कारखान्यावर, उसाच्या गाड्या वजन करायच्या काट्यावर. बारावी झाली आणि मी लातूरला क्लासला लागले. हॉस्टेल क्लासेसच्या एरियातच होतं, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर आम्ही बावीस पोरी. हॉस्टेल चालवणाऱ्या बाईंना आम्ही खाला म्हणायचो. मोबाईल जमा, रोज संध्याकाळी मेसचं जेवण झालं की खालांच्या फोनवरून घरी दहा मिनिटं. खाला घड्याळ बघत दारात उभ्या. "जल्दी बेटी, मागं लाइन हाय."

आमचे बायोलॉजीचे सर एक गोष्ट सारखी सांगायचे. "रोज जे शिकलात ते घरी आईला समजावून सांगा. आईला कळलं तर तुम्हाला कळलं." बाकीच्या पोरी हसायच्या, पण मी खरंच सुरू केलं. आई सातवी शिकलेली. पण डोकं असलं की विचारू नका. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात म्हटलं तर म्हणे, "तीनच? मग त्याची एक खोली कमी हाय. भूकंपानंतर आमच्या पत्र्याच्या शेडात तर सगळे मिळून एकच होती." किडनी शिकवली तर म्हणे, "म्हंजे गाळणीच की. एवढ्यासाठी तुमचे सर एवढे पैसे घेऊन राहिले?"

ती दहा मिनिटं माझ्या दिवसातली सगळ्यात चांगली दहा मिनिटं होती. टेस्टमधी मार्क कमी पडले, भिंतीवर लागलेल्या लिस्टमधी नाव दुसऱ्या पानावर गेलं, तरी संध्याकाळी मी कुणाची तरी मॅडम असायचे.

आता माझ्या रूममेटचं सांगते, कारण त्याच्याशिवाय हे पुढं जात नाही. ती चाकूरची, रिपीटर. पहिल्या वर्षी पेपर देऊन ती सेंटरच्या गेटबाहेर आली तर वडिलांनी आधी पाण्याची बाटली दिली. मग विचारलं, पेपर कसा गेला. ती म्हणाली, फिजिक्स अवघड होतं. मग वडील म्हणाले, "आजोबा गेले, बाळा." ही म्हणाली, "कधी?" तर म्हणे, जानेवारीत. परीक्षा मे महिन्यात. मधले चार महिने ही रोज फोनवर म्हणायची, आजोबांना माझा नमस्कार सांगा, आणि घरचे म्हणायचे, सांगतो.

लातूरला ह्यात काही नवल नाही. हे तिथं चालूच असतं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची आजी गेली, कुणाच्या घरी वाटण्या झाल्या, सगळं परीक्षेच्या गेटवर कळतं. कुणाच्या घरी काय झालंय हे खालांना सगळं माहीत असायचं, कारण घरचे आधी त्यांना फोन करायचे, की बाई, पोरीच्या कानावर जाऊ देऊ नका. आम्ही पोरी चेष्टेत म्हणायचो की पेपरपेक्षा गेटची भीती वाटते.

रूममेटनं मला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी त्याच संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं.

मग ती म्हणाली, "लई वाईट केलं त्यांनी. असं करू नये माणसानं."

"तू करशील का असं?"

"मी? मी कशी करंल गं माय. मला माहीत न्हाई का ते काय असतंय."

"शपथ?"

"तुझी शपथ."

आणि तिला खरंच माहीत होतं. भूकंप झाला तेव्हा आई चौथीत होती. तिला दगडामातीतून काढलं, हात मोडलेला. तिची आई, म्हणजे माझी आजी, त्याच घरात होती. आईनं विचारलं तर तिचा मामा म्हणाला, तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेलंय, बरी होईल. पुढं पत्र्याच्या शेडात राहायला गेले. मदतवाले लोक यायचे, पोरांना बिस्किटाचे पुडे द्यायचे. आई एक पुडा खायची आणि एक तिच्या आईसाठी ठेवायची, ती सोलापूरहून आल्यावर द्यायला. पत्र्याच्या पेटीत अकरा पुडे झाले होते. मग एक दिवस तंबूतल्या शाळेत नवीन गुरुजी आले. त्यांना यादी करायची होती. म्हणाले, ज्यांची आई गेली त्यांनी हात वर करा. आईनं केला नाही. बाजूची पोरगी म्हणाली, "गुरुजी, हिची बी गेली." आई तिला मारायला उठली. गुरुजींनी कागद बघितला आणि म्हणाले, "बस खाली. तुझं नाव हाय ह्यात."

ही गोष्ट मी दहा वेळा ऐकलीय. दर वेळी शेवटी ती एकच म्हणायची. आई गेल्याचं दुःख वेगळं, ते सगळ्या गावाचंच होतं. पण मामाशी ती त्यानंतर सरळ बोलली नाही. मामा म्हातारा होऊन वारला तरी नाही. "त्यानं मला येडी केलं," म्हणायची. "सगळ्या शेडाला माहीत होतं आन् मी पुडे जमवून राहिले होते."

आता ऐका.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी फोनवर मी तिला झाडातलं पाणी वर कसं चढतं ते सांगायला लागले, तर ती म्हणाली, "ते राहू दे. आज लिव्हरचं सांग."

मी म्हटलं, "लिव्हर कसं काय सुचलं तुला?"

"टीव्हीवर काहीतरी चाललं होतं. त्याला रक्त कुठून येतंय ते सांग."

मला एवढा आनंद झाला की काय सांगू. आईनं स्वतः टॉपिक निवडला होता. मी रूममेटला डोळ्यानंच खुणावलं, बघ माझी स्टुडंट. आणि सुरू झाले. म्हटलं, "आई, बाकी सगळ्या अवयवांना एका नळाचं पाणी येतं, लिव्हरला दोन नळाचं. एक आतड्याकडून येणारी मोठी शीर, पोर्टल व्हेन. लिव्हरचं बरंचसं रक्त तिच्यातूनच येतं. दुसरी हृदयाकडून येणारी धमनी, ती बारकी."

"म्हंजे एक बंद पडला तर दुसरा चालू."

"हाव. लातूरला असं असतं तर टँकर लागले नसते."

ती हसली. मग म्हणाली, "आन् लिव्हरवर गाठ उठली तर ती कोणत्या नळाचं पाणी पिती?"

हे पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, उद्या सरांना विचारते. खरंच विचारलं. सर म्हणाले, "सिलॅबसच्या बाहेरचं आहे. कशाला पाहिजे?" मी म्हटलं, "आईनं विचारलंय सर." सगळा वर्ग हसला. पण सरांना आवडलं. ते म्हणाले, "गाठी बहुतेक धमनीवर जगतात. म्हणून काही डॉक्टर धमनीतून जाऊन गाठीकडची फांदी तेवढी बंद करतात. पण हे सगळ्यांना सरसकट लागू नाही, पेशंट बघून ठरवावं लागतं. दुखणं, ताप येतो, क्वचित चांगल्या लिव्हरला इजा पण होते. तू आधी सिलॅबस बघ."

त्या संध्याकाळी मला फोनची घाई होती. बावीस पोरींत दोन बाथरूम, पाणी दुसऱ्या दिवशी येणार नव्हतं, माझी बादली रांगेत लावलेली. मी आईला पटपट सांगितलं. "गाठ धमनीचं पिती. धमनीची तेवढी फांदी बंद केली की गाठ उपाशी मरती, लिव्हर जगतं, त्याला दुसरा नळ हायच."

"मग कापायची गरज न्हाई?"

"कशाला कापायचं?"

"नक्की का?"

"नक्की म्हंजे? शंभर टक्के. मी सांगून राहिले ना. ठेवते आता, माझी बादली पुढं गेली."

सर 'बहुतेक' म्हणाले होते. 'पेशंट बघून' म्हणाले होते. मी ते दोन्ही गाळलं. मला आठवतंय मी ते का गाळलं. लांबण लागलं असतं म्हणून. आणि शंभर टक्के म्हणायला मस्त वाटतं म्हणून.

त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, सकाळी क्लासला निघायच्या आधी, खालांनी मला खाली बोलावलं. हातात एक स्टीलचा डबा. म्हणाल्या, "तुझ्या गावाहून कुणी आलं होतं, देऊन गेलं." उघडला तर धपाटे, अजून कोमट. शेंगदाण्याची चटणी आणि एका कागदात गूळ. मी म्हटलं, "कोण आलं होतं? थांबवायचं ना." खाला म्हणाल्या, "गडबडीत होते बेटी." आणि माझ्याकडं न बघता झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. मी दारात उभं राहूनच एक धपाटं खाल्लं, उभ्या उभ्या, केस ओले, टॉवेल खांद्यावर. वरून रूममेट ओरडली, मला ठेव. मी म्हटलं, आईच्या हातचं आहे, भाव वाढलाय.

किल्लारीहून लातूर तासाभरावर. धपाटे कोमट होते. मी एवढी फिजिक्स शिकले आणि मला एवढंही गणित सुटलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन लागला नाही. पप्पांनी उचलला. म्हणाले, "आई अहमदपूरला गेली, लग्न हाय." मी विचारलं, "तुम्ही बी गेलात का? आवाज कसला येऊन राहिला मागं?" म्हणाले, "हाव, मी बी." हंगामात. कारखान्याच्या हंगामात पप्पांना माझ्या दहावीच्या सत्काराला सुट्टी मिळाली नव्हती, ते लग्नाला कसे गेले हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

पुढचे दोन दिवस पप्पाच बोलले. तिसऱ्या दिवशी आई आली फोनवर. आवाज पार बसलेला, बोलताना थांबून राहिली होती.

"काय झालं गं?"

"घसा बसलाय. लग्नात आइस्क्रीम खाल्लं."

"तू कधी आइस्क्रीम खातीस?"

"खाल्लं एकदा. तू सांग, आज काय शिकवलं?"

मी तिला अर्धा तास... नाही, दहाच मिनिटं, डीएनए सांगितलं. ती हूं हूं करत राहिली. मला वाटलं तिला कंटाळा आला. मी चिडून म्हटलं, "ऐकायचं नसंल तर सांग, मी अभ्यासाला जाते." ती म्हणाली, "ऐकून राहिले की बाई. सांग तू." आता मला माहीत आहे की तेव्हा तिला ताप होता, गाठीचं रक्त तोडलं की काही दिवस असा ताप येतो, ओकाऱ्या येतात, आणि ती इथंच, ह्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कॉटवर पडून माझं डीएनए ऐकत होती.

मग मे. पेपर. गेट.

मी बाहेर आले तर आई-पप्पा दोघं उभे. पप्पांच्या हातात पाण्याची बाटली. मी पाणी घेतलंच नाही. म्हटलं, "आधी सांगा. कोण गेलं?"

पप्पा म्हणाले, "कुणी गेलं न्हाई, येडे. सगळे हायत."

"मग काय?"

आईनं पप्पांकडं बघितलं. पप्पा म्हणाले, "सांग की आता." आणि तिनं तिथंच, आइस्क्रीमच्या गाड्याच्या बाजूला, शेकडो पोरं आणि त्यांचे आईबाप आजूबाजूला, मला सगळं सांगितलं. लातूरच्या एका डॉक्टरांनी पोट उघडून लिव्हरचा तुकडा काढू म्हटलं होतं. मग कुणीतरी नांदेडच्या ह्या डॉक्टरांचं सांगितलं. घरात ह्यांना तारवाले डॉक्टर म्हणतात, कारण ते आत तार घालतात.

तिनं ते इतकं छान सांगितलं की मला अजून राग आला. म्हणाली, "अगं, भूल बी पुरी देत न्हाईत. जांघेत तेवढं बधिर. समोर पडदा. त्यात माझ्या आतलं झाड दिसलं, पानं झडलेलं. आन् एका फांदीला कापसाची बोंडं फुटल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, ती गाठ. मग त्यांनी नळीतून काहीतरी सोडलं. परत बघितलं तर बोंडं दिसंनात. झाड तसंच. मग सहा तास पाय हलवायचा न्हाई, तेवढाच जाच."

मी विचारलं, "नांदेडला गेलात कसे?"

"एसटीनं."

"किल्लारीहून नांदेडला सरळ गाडी हाय का?"

पप्पा म्हणाले, "लातूरला बदलली."

मग मला कोमट धपाटे आठवले.

पप्पांनी डबा खालांकडं दिला होता. आणि आई समोर रसवंतीपाशी रिक्षात बसून होती, तोंडावर पदर घेऊन. मी दारात धपाटं खाताना तिनं बघितलं. "केस वाळवायचे ना गं, डिसेंबरात," एवढंच म्हणाली ती मला, त्या गेटवर. त्या दिवशी ती रस्त्याच्या पलीकडंच होती. मी हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर होते. लिव्हरमधी नळी घालून घ्यायला चाललेली बाई मला केस वाळवायला सांगून राहिली होती, पाच महिने उशिरा.

मी भर गेटवर ओरडले. "तू शपथ घेतली होतीस. माझी शपथ."

आजूबाजूच्या बाया बघायला लागल्या. एक म्हणाली, "जाऊ दे बाळा, तुझ्यासाठीच केलं त्यांनी." मला त्या बाईचा एवढा राग आला, की तिच्या पोराचा पेपर कसा गेला हेसुद्धा मला ऐकायचं नव्हतं.

घरी आल्यावर मी आठ दिवस आईशी बोलले नाही. मग बोलायला लागले, भाजीत मीठ आहे का, गॅस बंद केला का, असलं. रिझल्ट लागला. सरकारी कॉलेजला नंबर थोडक्यात हुकला. म्हणून मी परत रिपीटर बॅचला चाललेय, आठ दिवसांनी. परत खालांचं हॉस्टेल, परत दहा मिनिटांचा फोन. आणि मला रोज वाटून राहिलंय की आता त्या फोनवर आई जे काही बोलेल, घसा बसला, लग्नाला गेले, त्यातलं मी काय खरं धरायचं. हा माझा खरा प्रश्न आहे. गाठ आटेल हो. गाठीचं काय.

आता आज सकाळचं.

आम्ही तिघं केबिनमधी गेलो. तारवाले डॉक्टर चांगले आहेत, तरुण, भरभर बोलणारे. त्यांनी आईला विचारलं, जेवण जातंय का. ती म्हणाली, आता दीड भाकर खाते. मग त्यांची नजर माझ्याकडं गेली आणि ते एकदम हसले.

"म्हणजे तुम्हीच का शंभर टक्के?"

मला काही कळलं नाही. आईनं मान खाली घातली.

डॉक्टर पप्पांना म्हणाले, "आठवतंय ना? मी तासभर समजावत होतो, फायदे काय, धोके काय. लिव्हरला इजा होऊ शकते, पू होऊ शकतो, परत करावं लागू शकतं. ह्यांचं आपलं एकच. माझी पोरगी डॉक्टरकीचं शिकतीय, तिनं शंभर टक्के सांगितलंय, आणा कागद. मी म्हटलं ताई, शंभर टक्के तर मी पण सांगत नाही. तर म्हणाल्या, तुम्ही परके, ती माझी हाय."

पप्पा हसले. नर्सबाई हसल्या. मी पण हसले, तोंड तसं केलं.

तुम्हाला समजलं ना काय झालं ते? टीव्हीवर काही चाललं नव्हतं. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगत होते, एक म्हणे कापू, एक म्हणे रक्त बंद करू, आणि आईला ठरवायचं होतं. तिनं मला विचारलं. पण मला न सांगता विचारलं. मी बादलीकडं बघत उत्तर दिलं, आणि ती त्या उत्तरावर जाऊन त्या टेबलावर झोपली. काही वाईट झालं असतं तर? मला गेटवर कळलं असतं. पाण्याची बाटली, पेपर कसा गेला, आणि मग. आणि मी हिशोब लावत बसले असते की मी त्या दिवशी काय म्हटलं होतं.

मामानं तिला येडी केलं होतं. तिनं मला येडी तर केलंच, वर डॉक्टर पण केलं.

केबिनमधून बाहेर आलो. पप्पा सीटीची पावती करायला गेले. आम्ही दोघी ह्याच बाकड्यावर बसलो. मी म्हटलं, "त्या दिवशी खरं सांगितलं असतंस तर मी सरांना नीट विचारलं असतं. दहा वेळा विचारलं असतं. मी अर्धंच सांगितलं तुला, आई. सर 'बहुतेक' म्हणाले होते. मी ते गाळलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ती घाबरेल, निदान दचकेल.

म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"काय?"

"तू घाईत होतीस. बादली पुढं गेली म्हणालीस. घाईतलं शंभर टक्के मला कळत न्हाई का? पण मला ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. कापून घ्यायचं न्हवतं मला. एकदा दगडाखालून निघालेय मी, परत कुणी आत हात घालायला नको वाटत होतं. डॉक्टरांनी सगळं सांगितलं, धोके बी. ते ऐकलं मी. पण हिंमत तुझ्याकडनं घेतली."

"मग खरं सांगून घ्यायची ना."

"मग तू दिली असतीस का? रडली असतीस. पुस्तक बंद करून इथं येऊन बसली असतीस."

"हाव, बसले असते. तुझी पोरगी हाय मी."

समोर एक म्हातारा स्ट्रेचरवर गेला, त्याच्या पायांवर शाल होती, आम्ही दोघींनी त्या शालीकडं बघितलं.

मी विचारलं, "मामाला माफ केलंस का आता?"

"न्हाई."

"तू तेच केलंस माझ्यासंगं."

"हाव. करताना कळलं मला, मामा कसा बोलला असंल ते. तोंडातनं आपोआप येतंय, लग्न हाय, आइस्क्रीम खाल्लं. पण माफ न्हाई केलं. कळणं येगळं."

"मग मी?"

"तू बी नको करू. लगेच तर नकोच."

आतून त्यांनी तिचं नाव पुकारलं. ती उठली, बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या, मंगळसूत्र काढून दिलं. मी पटकन विचारलं, कारण दार उघडलेलं होतं, "गाठ परत वाढली आणि माझी परीक्षा जवळ असली, तर सांगशील का?"

"परीक्षा किती जवळ?"

"समज, आठ दिवसांवर."

तिनं खरंच विचार केला. दारात उभं राहून, नर्सबाई थांबलेल्या असताना.

"न्हाई सांगणार," म्हणाली, आणि आत गेली.

तेव्हापासून मी इथं बसून आहे, बांगड्या मुठीत. ह्या वेळी तिनं शपथ घेतली नाही. हे चांगलं का वाईट ते मला खरंच कळून नाही राहिलं. राग गेलेला नाही. पण मी आत्ताच एक गोष्ट ठरवली, टाइप करता करता. आठ दिवसांनी लातूरला गेले की पहिल्या फोनवर मी तिला काही शिकवणार नाही. मीच प्रश्न विचारणार. आज काय खाल्लंस, किती खाल्लंस, कुठल्या अंगावर झोपलीस, मागं कसला आवाज येऊन राहिलाय. आणि तिनं काही विचारलं तर आधी म्हणणार, हे कुणासाठी विचारून राहिलीस ते सांग, मग उत्तर देते. आणि बहुतेक असेल तिथं बहुतेकच म्हणणार. बादली जाऊ दे पुढं.

दार उघडलं. ती बाहेर येऊन राहिली, दंडाला चिकटपट्टी, मला बघून बोटांनी दाखवून राहिली, सात. सात सेंटीमीटर. अकराची सात. पप्पा निघालेच पेढ्याला.

मी जाते तिच्याकडं. पण तुम्ही सांगा मला, लातूर असो, नांदेड असो, कुठंही शिकायला राहिलेल्यांनो. तुमच्या घरच्यांनी पण असं काही पेपर होईपर्यंत झाकून ठेवलं होतं का? आणि कुणी तुम्हाला सहज विचारल्यासारखं काही विचारलं, तुम्ही पटकन ठोकून दिलं, आणि मग कळलं की त्या उत्तरावर कुणीतरी सही केली होती, असं तुमच्यासंगं झालंय का?